दुकानातलं बोलणं बाहेर गेलं तेव्हा

वहिनी दुकानात आल्या तेव्हा मी एका ब्लाउजचा मुंढा उसवत होते. त्या नेहमी आल्या की आधी पाणी मागतात आणि मग स्टुलावर बसतात. त्या दिवशी त्यांनी पाणी मागितलं नाही, बसल्याही नाहीत. त्यांनी मोबाईल माझ्या कापड बेतायच्या टेबलावर ठेवला आणि बोटानं दाबला.

आधी नुसतीच मशीनची घरघर ऐकू आली. मग एक बाईचा आवाज आला, नाकातून काढलेला, लांबवलेला.

"उठलीस व्हय गं राणी? का तोंड धुवायला पाणी आणून देऊ?"

मागून हसणं. मग तोच आवाज साधा झाला. "आन् मी कुकर लावला की ह्या मागं येऊन हुभ्या. शिट्टी झाली की माझ्याकडं असं बघत्यात, जणू मीच वाजवली."

त्यावर कुणीतरी एवढ्या मोठ्यानं हसलं की मोबाईल टेबलावर थरथरला. हसणं थांबेना. मधेच ठसका लागला, तरी पुन्हा हसणं सुरू.

मला काही उमजलं नाही. मी विचारलं, "वहिनी, ही एवढी खदखदा हसतीय ती कोण?"

"तूच की," वहिनी म्हणाल्या.

आपला आवाज आपल्याला ओळखू येत नाही असं ऐकून होते. हसणंही ओळखू येत नाही हे तेव्हा कळलं. वहिनींनी मोबाईल उचलला.

"हे माझ्या लेकीच्या मोबाईलवर आलं. तिच्या सासरी ऐकलंय समद्यांनी. माझी सून तुझ्या दुकानात बसून माझी नक्कल करती, तू हसतीस, आन् तिथलंच कुणीतरी टेप करून गावभर पाठवतं. तू शिलाईचं दुकान चालवतीस का दुसरं काय?"

मी काही बोलायच्या आत त्या पायरी उतरून गेल्यासुद्धा.

माझं दुकान म्हणजे आमच्या घराचीच पुढची खोली. कळंबच्या बस स्टँडमागच्या गल्लीत. वहिनींचं घर त्याच गल्लीच्या टोकाला. त्या माझ्याहून थोड्या मोठ्या, म्हणून मी त्यांना वहिनी म्हणते. त्यांचे मालक तहसीलमध्ये क्लार्क होते, आता घरीच असतात. मी मशीन घेतली तेव्हा पहिला ब्लाउज त्यांनीच टाकला होता. तेव्हापासून त्यांचं माप मला घ्यावं लागत नाही. त्यांच्या सुनेचं माहेर लोहारा, म्हणून गल्लीत तिला सगळे 'लोहाऱ्याची' म्हणतात. पोरगी बोलकी. कुणाचीही नक्कल करायची. बँकेतला शिपाई, मंडईतली कोथिंबीरवाली, तिचा स्वतःचा नवरा, कुणीही. तिनं केलेली नक्कल ऐकून हसणार नाही असं माणूस मी बघितलेलं नव्हतं, आणि मी तर हसायला कायमच मोकळी.

ही नक्कल झाली त्या दुपारी दुकानात चौघीच होतो हे मला पक्कं आठवत होतं. एक मी. दुसरी लोहाऱ्याची. तिसऱ्या मावशी, मूळच्या सोनारीच्या, त्या माझ्याकडं हातशिलाई आणि हूक लावायचं काम करतात, दाराशी पोतं टाकून बसतात. आणि चौथी ग्रामसेवकाची बायको. बदली होऊन नुकतीच आली होती. साड्यांना फॉल-पिको करून घ्यायला बसली होती. कमी बोलायची, आणि तिच्या हातात सारखा मोबाईल असायचा.

मावशींकडं बटणाचा फोन. तोसुद्धा वाजला की त्या अख्खा अंगठा दाबतात आणि अर्ध्या वेळा तो बंद होतो. मी स्वतः केलेलं नाही. लोहाऱ्याची स्वतःचंच कशाला टेप करील? मग राहिलं कोण?

संध्याकाळी मी हे सगळं आमच्या ह्यांना सांगितलं. हे एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते, आता रिटायर झालेत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "कुणी केलं कशावरून? मोबाईल आपापलाच ऐकत असतो. परवा मी तुला म्हणलो न्हाई का, पंखा बदलायला झालाय? लगेच पंख्याची जाहिरात आली."

"म्हणजे मोबाईलनं आपणहून वहिनींच्या लेकीला पाठवलं?"

"तसं न्हाई. पण काय सांगता येतंय?"

मी आणखीच गोंधळले. त्या दिवसापासून मोबाईल जवळ असला की मला तिसरं माणूस बसल्यासारखं वाटायला लागलं. जेवताना मी तो आत नेऊन ठेवायची. हे म्हणायचे, "आपण असं काय बोलतो की कुणी ऐकावं?" ते खरंच होतं. पण मोबाईल आत ठेवल्यावर आम्हाला बोलायला काही सुचायचंच नाही.

पुढं एका सकाळी भाजी आणायला गेले तर स्टँडवर लोहाऱ्याची दिसली. जवळ मोठी बॅग. नवरा शेजारी उभा, दुसरीकडं तोंड करून. तिनं मला बघितलं. मी हात वर केला. तिनं मान खाली घातली की मान हलवली, मला सांगता येणार नाही. एसटी लागली, ती चढली. गल्लीत आल्यावर कळलं की तिला माहेरी पाठवून दिलं. किती दिवसांसाठी, ते कुणाला ठाऊक नव्हतं.

तिचा एक ब्लाउज माझ्याकडं शिवायचा राहिला होता. तो हातात घेतला की मला ते खाली घातलेलं तोंड आठवायचं. तिला वाटत असेल का, की मीच टेप केलं? दुकान माझं. बोलायला बसवते मी. हसते मी. दुसऱ्या कुणावर संशय घ्यायच्या आधी माझ्यावरच घ्यायला पाहिजे.

त्याच आठवड्यात ग्रामसेवकाची बायको उरलेल्या साड्या न्यायला आली. मी साधंच विचारायचं ठरवलं होतं. पण तोंडातून निघालं ते वेगळंच.

"ताई, त्या दिवशी तुमच्या हातात मोबाईल होता."

"कुठल्या दिवशी?"

"लोहाऱ्याची बोलत होती त्या दिवशी."

गल्लीतलं तिच्याही कानावर गेलेलं असणार. "काकू, मोबाईल माझ्या हातात रोजच असतो. मी आईशी चॅटिंग करत होते. तुम्हाला दाखवू का?"

दाखव म्हणावं की नको म्हणावं, मला ठरवता येईना. दाखव म्हटलं तर मी तिच्या घरचं वाचणार. नको म्हटलं तर संशय तसाच राहणार. तिनं झालेल्या आणि न झालेल्या सगळ्या साड्या उचलल्या, पिशवीत कोंबल्या आणि निघून गेली. एका साडीला अर्धाच फॉल लागलेला होता, तो मागं लोंबत होता.

मावशी हूक लावता लावता म्हणाल्या, "गेली म्हणजे तिनंच केलं आसंल."

आणि लगेच म्हणाल्या, "का केलं न्हाई म्हणून रागानं गेली?"

मग मी बंदोबस्ताच्या मागं लागले. आधी पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'मोबाईल पर्समध्ये ठेवावा. बोलणं टेप करू नये.' आणि तो दाराजवळ टांगला. पहिल्याच दिवशी एक बाई वाचून म्हणाली, "काकू, हितं चौकी उघडली का काय?" मावशींना मी तो वाचून दाखवला तर त्या म्हणाल्या, "टेप करू नये? मग माप कशानं घ्यायचं?"

पुठ्ठा वाचून बायका मोबाईल पर्समध्ये ठेवायच्या, आणि पर्स मांडीवर. पर्समधल्या मोबाईलला ऐकू येत नाही असं कुठं आहे? मग मी शाळेच्या दप्तरांचं उरलेलं जाड कापड काढलं, त्याची लांब पट्टी केली, तिला खिसे शिवले आणि पट्टी माझ्या मागच्या भिंतीवर खिळ्यांना लावली. आल्यावर मोबाईल माझ्याकडं द्यायचा, जाताना न्यायचा. काहीजणींनी हसत दिला. एकीनं सांगितलं, "माझा मोबाईल मी नवऱ्याच्या हातात देत न्हाई, तुमच्या देऊ?" आणि ब्लाउजपीस घेऊन गेली. दिलेले मोबाईल खिशात वाजायचे. कुणाचा वाजतोय म्हणून सगळ्या उठायच्या, माप अर्धवट राहायचं.

एके दिवशी दोघींचे मोबाईल सारखेच निघाले, दोन्ही काळे, दोन्हींवर आरसेवाली कव्हरं. एक शाळेतली बाई, एक किराणा दुकानदाराची बायको. मी एकीचा दुसरीला दिला. घरी जाता जाता किराणावालीनं फोन उचलला तर पलीकडून हेडमास्तर ओरडायला लागले, उद्याची माहिती अजून का पाठवली नाही म्हणून. ती घाबरून म्हणाली, "पाठवते सर." तासाभरानं दोघी माझ्या दारात. शाळेतली बाई विचारत होती, "ह्यांनी सरांना हो कशाला म्हणलं? आता ती माहिती मला आज बसून करावी लागंल." किराणावाली म्हणत होती, "एवढं वरडल्यावर न्हाई कसं म्हणायचं?" दोघी माझ्याकडं बघायला लागल्या. मला कुणाची माफी मागावी तेच कळेना.

तरीही मी थांबले नाही. खिशातून खरंच ऐकू येतं का, हे बघायचं ठरवलं. माझ्याच मोबाईलवर आमचे हे देवळातली भजनं रेकॉर्ड करून आणतात, त्यामुळं ते कसं चालू करायचं ते मला येत होतं. चालू केलं, खिशात टाकला, आणि मावशींना म्हटलं, "बोला."

"काय बोलू?"

"काही बी."

एरवी दिवसभर बोलणाऱ्या मावशींच्या तोंडून शब्द फुटेना. दोरा दातात धरून त्या त्या खिशाकडंच बघत बसल्या. शेवटी मी म्हटलं, सोनारीचं सांगा. मग त्यांनी भैरोबाच्या देवळातल्या माकडांचं सांगितलं. एकदा त्यांच्या हातातलं नैवेद्याचं ताट कसं गेलं, आणि माकडानं पुरणपोळी खाऊन वरण तेवढं कसं ठेवलं. नंतर लावून ऐकलं. शब्द न् शब्द स्पष्ट. मावशींना त्यांचा आवाज ऐकून भारी नवल वाटलं. "म्या अशी बोलते?" त्यांनी ते परत लावायला सांगितलं.

मग मी खिशांना आतून गोधडीचे तुकडे लावले. आता मावशी विहिरीतून बोलल्यासारख्या यायला लागल्या, पण 'माकड' कळत होतं. शेवटी मी पिको मशीन चालू केली. मशीनच्या घरघरीत काहीच कळेना. मला वाटलं, हे जमलं. कुणी घरचं बोलायला लागली की मी दोरा न घालताच पिको मशीन चालवायची.

दोन-तीन दिवस मी समाधानात होते. मग मावशी म्हणाल्या, "बाई, आता मलाच ऐकू येईना झालंय. समद्या वरडून बोलायल्यात. परवा ती बाई नणंदेचं सांगत हुती, तर बाहेर केळीवाला हुभा राहून ऐकत हुता."

मी मशीन बंद केली. खरंच, रस्त्यावरच्या माणसाला ऐकू जाईल एवढ्यानं आम्ही बोलत होतो. मोबाईलला ऐकू येऊ नये म्हणून.

त्यानंतर हळूहळू बोलणंच थांबलं. बायका यायच्या, मोबाईल द्यायच्या किंवा द्यायच्या नाहीत, माप द्यायच्या, कधी मिळेल विचारायच्या, जायच्या. कशी आहेस विचारलं तर "बरं हाय." सासू कशी आहे विचारलं तर "बऱ्या हायत." मावशी म्हणाल्या, "सगळ्यांनी तोंडं शिवून घेतल्यात." मला वाटायचं, चांगलं झालं, आता भानगड नाही. आणि दुपारी तीनला दुकानात पंख्याचा आवाज ऐकत बसले की वाटायचं, आता मी इथं करतेय तरी काय?

लोहाऱ्याचीचा ब्लाउज मी शिवून टाकला. तो घेऊन तिच्याकडं जायचं माझ्या मनात आलं. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "कुरिअरनं पाठव." मी म्हटलं, "मला तिला विचारायचंय." "काय विचारायचंय?" ते मला नीट सांगता आलं नाही. तू माझ्यावर संशय घेतेस का, असं कुणी एसटीत बसून विचारायला जातं का?

धाराशिवला गाडी बदलून लोहाऱ्याला पोचेपर्यंत दुपार झाली. घर विचारत गेले. तिच्या आईनं हसून घरात घेतलं, चहा दिला, आणि लेकीला हाक मारून स्वतः स्वयंपाकघरात गेली. पोरगी बाहेर आली. वाळली होती. पाया पडली. ब्लाउज उलगडून बघितला आणि बाजूला ठेवला. मी बोलायला तोंड उघडलं तर तिनं माझी पर्स उचलली.

"काकू, राग मानू नका. मोबाईल आत राहू द्या."

पर्स तिनं आतल्या खोलीत पलंगावर नेऊन ठेवली, दार ओढून घेतलं, आणि मला मागं गोठ्याकडं नेलं. माझं तोंड एवढंसं झालं. महिनाभर मी सगळ्यांचे मोबाईल काढून घेत होते, आणि आता ही माझा काढून घेत होती. मला वाईट वाटावं का, ते ठरेना. तिनं केलं ते बरोबरच होतं.

"तुला वाटतं का मी केलं?" मी एकदाचं विचारलं.

"न्हाई काकू." तिनं इकडं तिकडं बघितलं. "कुणीच न्हाई केलं. माझ्याच मोबाईलवरून गेलं."

मला कळलं नाही. तिनं कमरेचा मोबाईल काढून दाखवला. त्या दुपारी तिला धाकट्या बहिणीला विचारायचं होतं, ब्लाउजला मागं दोरी लावू का नको. टाईप कोण करत बसणार, बोलूनच पाठवावं म्हणून तिनं ते माईकचं चिन्ह दाबून धरलं. तेवढ्यात मावशींनी काहीतरी विचारलं. तिचा अंगठा वर सरकला.

"असा वर सरकला की लॉक होतंय. हात काढला तरी चालूच राहतंय. बघा."

तिनं करून दाखवलं. मला दिसलं नाही. तिनं परत दाखवलं. मोबाईल मांडीवर पडून राहिला आणि आमचं सगळं त्यात गेलं. नंतर हातात घेताना कुठंतरी बोट लागलं आणि ते बहिणीला पोचलं. हिला पत्ताच नाही. बहिणीनं ऐकलं, पोट धरून हसली, आणि एका मैत्रिणीला पाठवलं. एकाच. त्या मैत्रिणीनं पुढं कुणाला पाठवलं ते मैत्रिणीलाही आठवत नाही. फिरत फिरत ते वहिनींच्या लेकीकडं गेलं.

"मला बी हितं आल्यावर कळलं," ती म्हणाली. "ती रडत हुती. म्हणली, ताई, नक्कल लई भारी हुती म्हणून पाठवलं."

गोठ्याच्या दाराशी धाकटी उभी होती हे मला तेव्हा दिसलं. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"काकू, कळंबला सांगू नका," थोरली म्हणाली. "हिचं स्थळ बघायलोत. हिनं असं पुढं पाठवलं म्हणून कळलं तर कोण करून घेईल हिला? आन् माझ्याच मोबाईलवरून गेलं म्हणलं तर सासूबाई म्हणतील, मुद्दाम केलं. कुणीतरी चोरून टेप केलं, असंच राहू द्या."

मी "बरं" म्हटलं. का म्हटलं, ते आजही नक्की सांगता येत नाही. दोघी पोरी माझ्याकडं बघत होत्या आणि "बरं" सोडून दुसरा शब्द सापडला नाही.

परत येताना गाडीत बसल्यावर ग्रामसेवकाची बायको आठवली. कुणीतरी चोरून टेप केलं असंच राहायचं असेल, तर ते कुणीतरी म्हणजे तीच राहणार होती. गल्लीत सगळे तिचंच नाव घेत होते, आणि सुरुवात मीच करून दिली होती. हिचं राखायचं तर तिचं जातं. तिचं राखायचं तर हिचं जातं. धाराशिव येईपर्यंत मी एक ठरवलं आणि कळंब येईपर्यंत ते मोडलं.

दुसऱ्या दिवशी मी ग्रामसेवकाच्या घरी गेले. दार तिनंच उघडलं.

"ताई, तुम्ही काही केलं न्हाई. मला कळलंय."

"कसं कळलं?"

"ते सांगता येत न्हाई."

"मग कुणी केलं?"

"ते बी सांगता येत न्हाई."

ती दारातच उभी राहिली. "म्हणजे तुम्ही दुसरीकडून खात्री करून आलात, म्हणून मी सुटले. मी स्वतः सांगत होते, मोबाईल दाखवते म्हणत होते, तेव्हा नाही सुटले." तिचा आवाज चढला नव्हता. "काकू, मी इथं नवीन आहे. तुमच्या दुकानात मी बोलायला यायचे नाही, नुसती ऐकायला यायचे. घरी कुणी नसतं म्हणून."

मी म्हटलं, तुमच्या त्या साडीचा फॉल अर्धा राहिलाय, पुरा करून देते. ती म्हणाली, दिलीय दुसरीकडं.

तिथून तशीच वहिनींकडं गेले. आता पुढं ढकललं तर पाय निघणार नाही, हे मला माहीत होतं. वहिनी ओसरीवर सुपात तूर पाखडत बसल्या होत्या. मला बघून हात थांबला नाही. मी पायरीवर बसले.

"वहिनी, कुणी टेप केलंच न्हाई. चुकून गेलं."

"चुकून म्हणजे?"

"मोबाईलचं काय सांगता येतंय."

त्यावर त्या आणखी विचारतील असं मला वाटलं होतं. पण त्यांनी सूप खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "टेप कुणी का करंना. सून सासूची नक्कल करणारच. म्या बी करायचे, विहिरीवर. समद्या बाया लोळायच्या हसून. तिथं मोबाईल नव्हता एवढंच." मग जरा थांबून, "पण मी खरंच असं म्हणते का गं? उठलीस व्हय गं राणी?"

"म्हणता."

"आन् नाकात?"

"थोडं नाकात."

त्यांनी सुपातला खडा काढून अंगणात टाकला. "म्या ते लई येळा लावून ऐकलं. पहिल्यांदा सुनेचा राग आला. मग तुझा आला. सून परकी, तिला मी दोन वर्षं झाली वळखते. तू का हसलीस?"

मी खोटं बोलू शकले असते. पण दुसरं काही सुचलंच नाही.

"हुबेहूब होती म्हणून."

"हुबेहूब?"

"व्हय."

चिडल्या का, हसू आवरतायत का, मला चेहऱ्यावरून वाचता आलं नाही. इतकी वर्षं त्यांचं माप न घेता शिवते मी, पण तेव्हा काहीच कळलं नाही. त्यांनी सूप परत हातात घेतलं. "चहा पिऊन जा," एवढंच म्हणाल्या. मी प्यायले. चहात साखर नेहमीएवढीच होती.

पुढं काही दिवसांनी त्यांचा मुलगा लोहाऱ्याला जाऊन बायकोला घेऊन आला. त्याला वहिनींनी पाठवलं की तो आपणहून गेला, हे मला कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. लोहाऱ्याची दुकानात आली ती एक दिवस दुपारी, कुणी नसताना. मावशीसुद्धा जेवायला गेल्या होत्या. स्टुलावर बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "काकू, सासूबाई सकाळी माझ्या खोलीच्या दारात येतात. 'उठलीस' एवढं म्हणतात आन् गप्प होतात. मग म्हणतात, चहा ठेवलाय. पहिलं कळायचं तरी, चिडल्यात म्हणून. आता चिडल्यात का चांगल्या झाल्यात, मला समजंना. जास्तच भ्या वाटतंय."

मी काय सांगणार? मला तरी कुठं समजत होतं. मी म्हटलं, "तू चहा पी." ती हसली. नक्कल मात्र तिनं केली नाही.

खिशांची पट्टी मी उतरवली. तिचा उपयोग नव्हता हे कळलं म्हणून नाही, खिळे निघून भिंतीचा गिलावा पडायला लागला म्हणून. बायका परत येऊ लागल्यात, सगळ्या नाही. धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं, लग्नातले ब्लाउज माझ्याकडंच आलेत. ग्रामसेवकाची बायको रस्त्यात दिसली की मान हलवते, दुकानात येत नाही. आता त्यांची पुन्हा बदली होणार असं ऐकलंय.

मागच्या आठवड्यात एक नवीन बाई आली, नव्या वस्तीतली. माप देता देता तिचे डोळे भरून आले आणि ती घरचं सांगायला लागली. तिचा मोबाईल टेबलावर पडलेला, माझाही शेजारीच. मोबाईल बाजूला ठेवा म्हणावं, तर ती बोलायची थांबेल. तसंच बोलू द्यावं, तर उद्या काय होईल सांगता येत नाही. दोन्हींतलं एकही करायला मी धजले नाही. हातात टेप धरून मी नुसती ऐकत राहिले, हूं की चूं केलं नाही. ती बोलून झाल्यावर डोळे पुसून गेली.

मावशी म्हणाल्या, "तिला वाटलं आसंल, बाई बहिरी हाय."

तसं वाटलं असेल का, मला सांगता येत नाही. ती अजून परत आलेली नाही. तिचे दोन्ही ब्लाउज शिवून, हूक लावून, घडी करून ठेवलेत.